गेमच्या खोक्यात ठेवलेलं कार्ड

हे लिहायचं मी बारा वर्षं टाळलं. आमच्या भागात सिकलसेलच्या, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या, रुग्णांचे मेळावे होतात. तिथं आईबाप उठून आपापल्या लेकरांबद्दल बोलतात, नवीन लोकांना धीर देतात. मला दोनदा बोलावणं आलं. एकदा मी पाठदुखीचं कारण सांगितलं. दुसऱ्यांदा काहीच न सांगता गेलो नाही. आता मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. पाठ खरंच दुखते, आणि टाळायला फार दिवस उरले नाहीत.

माझी धाकटी मुलगी प्रज्ञा बाविसाव्या वर्षी गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाल्यावर मांडवातल्या माणसांनी विचारलं, एवढी बोलकी पोरगी अशी अचानक कशी गेली? मी म्हणालो, "तो गेम. दिवसभर टीव्हीपुढं बसून राहायची. खाण्याकडं लक्ष नाही, पाण्याकडं नाही. अंगातला जोरच गेला."

लोकांना ते पटलं. माझा चुलतभाऊ म्हणाला, "मंग तो डबा घरात कायले ठेवला? फेका ना बाहेर."

मला तो फेकवला नाही. पण सगळ्यांच्या देखत मी गेमचा तो काळा डबा, दोन्ही रिमोट आणि वायरी त्यांच्या खोक्यात भरल्या, खोकं युरियाच्या रिकाम्या पोत्यात घातलं आणि माळ्यावर टाकलं. माझी बायको कौसल्या दाराच्या चौकटीला टेकून पाहत होती. तिला खरं माहीत होतं. त्यानंतर जवळजवळ वर्षभर ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही. ताट वाढायची आणि आत जायची.

गेमचा काही दोष नव्हता. खरं काय झालं ते आता सांगतो.

कार्ड

मी पाटबंधारे खात्यात कालव्याचा चौकीदार होतो. इटियाडोह धरणाच्या कालव्यावर गेट उघडायचं, बंद करायचं, पाण्याची पाळी सांभाळायची, हे माझं आयुष्यभराचं काम. अर्जुनीजवळ एका गावात घर बांधलं. दोन मुली, माया मोठी आणि प्रज्ञा धाकटी.

मायाचं लग्न जुळलं तेव्हा बोलणी चालू असताना मुलाच्या आईनं सरळ विचारलं होतं, "भाऊ, राग नका मानू. माझ्या बहिणीचा पोरगा त्या रक्ताच्या दुखण्यानं गेला. तुमच्या घरी कोणाले नाई ना?"

मी म्हणालो, "नाई." तेव्हा ते खोटं नव्हतं. प्रज्ञाला लहानपणापासून हातपाय दुखायचे, डोळे पिवळट दिसायचे, पण आम्ही ते वात आणि कावीळ समजत होतो. मालिश करायचो, झाडपाल्याचं औषध द्यायचो.

साक्षगंध झालं, म्हणजे साखरपुडा. त्यानंतर आठवडाभरानं प्रज्ञाच्या कॉलेजात रक्ततपासणीची जी मोहीम झाली होती, तिचं उत्तर आलं. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं मला बोलावून कार्ड हातात दिलं. म्हणाली, "काका, हिले सिकलसेल हाये. नुसती वाहक नाई, आजारच हाये. म्हणजे तुमी दोघंबी वाहक असाल. घरातल्या सगळ्याईची तपासणी करून घ्या. मोठीची लग्नाआधी कराच. अन् हे कार्ड जपजा. कोन्याबी डॉक्टरकडं गेले का पयले हे दाखवजा."

मी सायकल हातात धरून चालत घरी आलो. बसता येत नव्हतं. एकवीस दिवसांवर लग्न होतं आणि माझ्या डोक्यात मांडवाचाच विचार होता. धाकटीला काय झालंय, ती किती जगेल, तिला किती दुखत असेल, हे त्या रस्त्यावर एकदाही मनात आलं नाही. असंच झालं.

कौसल्या म्हणाली, "सांगून द्या त्याईले. मायाची तपासणी करा, पोराची करा. लग्न मोडलं तं मोडलं."

"साक्षगंध झालेली पोरगी मोडली का मंग कोण करते?"

"पोरीपरीस लोकाईचं तोंड मोठं झालं तुमाले?"

प्रज्ञा तिथंच बसून तांदूळ निवडत होती. ती वर न पाहता म्हणाली, "राहू द्या ना माय. ताईचं लग्न होऊन जाऊ द्या. मंग सांगू. मी काई आजच मरून नाई राहिली."

मी तिच्या या बोलण्याचा आधार घेतला. आजवर मनाशी म्हणत आलो की तीच म्हणाली होती. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि मी बाप होतो.

लग्न झालं. मग म्हटलं, मायाला सासरी रुळू दे. मग तिला दिवस गेले, म्हटलं आता तिच्या जिवाला घोर नको. सांगायचा दिवस असा पुढं पुढं गेला.

दोन रिमोट

प्रज्ञा कॉलेजात दोनदा वर्गातच दुखण्यानं वाकून बसली. पोरी विचारायला लागल्या. तिला घरी ठेवणं मला बरं वाटलं. आराम मिळेल असं मी तोंडानं म्हणत होतो. बातमी फुटू नये हे पोटात होतं.

मी म्हणालो, "कॉलेज एक वर्ष सोड. तुले जे पायजे ते घेऊन देतो."

"कायबी?"

"कायबी."

"मंग गेम. मामाच्या घरी हाये तसा, टीव्हीले लावायचा."

मला वाटलं होतं साडी मागेल, नाहीतर मोबाईल. गोंदियाच्या बाजारात तिला घेऊन गेलो. दुकानदार म्हणाला, "अंकल, दो रिमोट ले जाओ. अकेले में मजा नहीं आता." म्हणून दोन रिमोट आले. दुसरा कोणासाठी, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

तिनं घेतलेला गेम तलवारीनं मारधाड करायचा होता. जमिनीखाली भुयार, त्यात खोल्यांवर खोल्या, प्रत्येक खोलीत सांगाडे, मोठे कोळी, शिंगं असलेले राक्षस. मारत मारत खाली उतरायचं. तिनं दोन तलवारी चालवणारी बाई घेतली होती. मी निवृत्त होऊन घरी बसलेलो. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, या ना. गेट उघडायले तर मोठे हुशार होते."

मला कुऱ्हाडवाला बुटका मिळाला. सुरुवातीला मी भिंतीलाच कुऱ्हाड मारत राहायचो. तिला हसून हसून ठसका लागायचा. कौसल्या स्वयंपाकघरातून ओरडायची, "बुढ्यानं भिंत पाडली का नाई अजून?"

गेममध्ये कोपऱ्या-कोपऱ्यातल्या मडक्यांत सोनं असायचं. मला ते उचलायचा नाद लागला. ती पुढं दहा सांगाड्यांशी एकटी लढायची आणि मी मागं मडकी फोडत बसायचो. ती ओरडायची, "बाबा! तुमी सोनं उचलून राहिले अन् मी इकडं मरून राहिली!"

जीव कमी झाला की लाल बाटली प्यायची असायची. एकदा ती म्हणाली, "वडसाले मले चढवते ना, तशी." वडशाच्या डॉक्टरांकडं मी तिला दोनदा रक्त चढवायला नेलं होतं. गोंदियाला नेत नव्हतो, कारण तिथं ओळखीचे भेटतात. गावात टायफाइड सांगितला होता. घाईत माझं बोट चुकायचं आणि तिच्या वाट्याची बाटली मी, माझा जीव भरलेला असतानाही, पिऊन टाकायचो. ती कपाळावर हात मारायची.

त्या वर्षी लोडशेडिंग जोरात होतं. लाईट जायच्या आधी गेम सेव्ह केला नाही तर सगळी मेहनत पाण्यात जायची, म्हणून मी घड्याळ घेऊन बसायचो. सेव्ह करायचं काम माझ्याकडं होतं. आणखी एक नियम होता. खालच्या मजल्याचा दरवाजा दोघंही जवळ येऊन उभे राहिल्याशिवाय उघडत नसे. ती दारात थांबायची आणि म्हणायची, "चला बुटके, किती वाट पाहू?"

कार्ड मी त्या गेमच्याच खोक्यात ठेवलं होतं, थर्माकोलच्या खाली. तिथं कोणी हात घालणार नव्हतं.

या आजाराच्या दिवसांतलं सुख विचाराल तर तो खेळच होता. दुखणं उठलं की ती रिमोट पोटाशी धरून मुटकुळं करून पडायची. गरम पाण्याची पिशवी, तांब्याभर पाणी, गोळी. ओसरलं की आधी विचारायची, "मी कोन्या खोलीत होती?"

कॉट नंबर नऊ

माया बाळंतपणाला आमच्याकडं आली होती. बाळ महिन्याचं झालं म्हणून तिची सासू बघायला आली. तिच्यासमोर प्रज्ञा दोन दिवस ताठ बसून राहिली. थंडीचे दिवस होते, अंगात ताप होता, तरी पांघरूण घेतलं नाही. आजारी दिसायचं नव्हतं तिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाहुणी बाळाला घेऊन आत बसली होती, आणि आम्ही दोघं भुयारात होतो. लाईट जायला दहा मिनिटं होती. प्रज्ञाच्या हातातून रिमोट पडला. तिनं छाती धरली. म्हणाली, "बाबा, श्वास नाई येऊन राहिला." मी तिला उचललं. बाहेर जीप शोधत होतो तेव्हा लाईट गेली.

विहीणबाई स्वतःहून जीपमध्ये बसल्या. "मी येतो संग. पोरीजवळ बाईमाणूस पायजे." कौसल्याला मायाजवळ थांबावं लागलं. निघताना तिनं माझा सदरा धरला आणि हळू म्हणाली, "कार्ड घ्या." मी म्हणालो, "घेतलं." घेतलं नव्हतं. पाहुणीच्या देखत खोकं कसं उघडणार होतो?

गोंदियाच्या दवाखान्यात कॉट नंबर नऊ मिळाली. नाकाला ऑक्सिजन, हाताला सलाईन. एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी छाती तपासली, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, "काका, यांची सिकलसेलची तपासणी कधी झाली होती का?"

विहीणबाई कॉटच्या पायथ्याशी उभ्या होत्या. प्रज्ञाच्या पायांवर चादर नीट करत होत्या. त्यांचा हात थांबला.

मी म्हणालो, "नाही."

"घरात कोणाला?"

"नाही."

प्रज्ञानं माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर सोपं गेलं असतं. गेममध्ये मी मागं राहिलो की ती जशी थांबून बघायची, तशी तिनं वाट पाहिली. मग तोंड भिंतीकडं केलं.

डॉक्टरांनी न्युमोनिया धरून औषध सुरू केलं. रक्त तपासायला पाठवतो म्हणाले, पण उत्तर उद्या येईल. त्यांनी त्यांचं काम केलं. त्यांना मी जे सांगितलं त्यावर ते चालले.

पुढचे चार तास मी त्या वॉर्डात बसून होतो. समोरच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याची सून त्याला पेज भरवत होती. फरशी पुसणारी बाई येऊन गेली, फिनेलचा वास पसरला. विहीणबाईंनी मला चहा आणून दिला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, घाबरू नका. तिच्या डोळ्यात जीव हाये." इतकी भली बाई होती ती. तिला सांगितलं असतं तर तिनं काय केलं असतं, हे मला आजही माहीत नाही. मी तिला कधी संधीच दिली नाही.

संध्याकाळच्या गाडीनं त्या परत निघाल्या. त्यांना रिक्षात बसवून दिलं आणि मी पळत वर आलो. डॉक्टरांच्या टेबलापाशी उभा राहून म्हणालो, "साहेब, तिले सिकलसेल हाये. तीन वर्षं झाली. कार्ड घरी हाये."

त्यांनी पेन खाली ठेवला. "काका, हे दुपारी काऊन नाही सांगितलं?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. फोन सुरू झाले, रक्ताची बाटली आली, ती चढवतच नागपूरला न्यायचं ठरलं.

नागपूर

गाडीत आणि नंतर नागपूरला ती मधूनमधून शुद्धीत येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बरी वाटली. मास्क बाजूला करून म्हणाली, "ताईच्या सासूले कळलं काय?"

"नाई."

"बरं झालं."

एवढंच. खरंच बरं वाटलं होतं तिला. मी तिच्या उशाशी बसून ओठ हलवले. "बेटा, मी" इतकं बाहेर आलं. नर्स आली, तिनं मास्क परत लावला.

तिसऱ्या दिवशी दुपारी प्रज्ञा गेली. मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं, ते चार तास वाया गेले नसते तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही. कधी लवकर येऊनही जातात." हे त्यांनी माझ्यावर दया म्हणून सांगितलं की खरं म्हणून, ते मी विचारलं नाही. त्या चार तासांचं काय करायचं, ते मला बारा वर्षांत कळलेलं नाही.

मायाची आणि जावयाची तपासणी मी शेवटी करवली, प्रज्ञा गेल्यानंतर, कौसल्यानं हट्ट धरला म्हणून, आणि तीही सरकारी तपासणी आहे असं सांगून. माया वाहक निघाली. तिचा नवरा निघाला नाही. त्यामुळं तिची दोन्ही मुलं या आजारापासून वाचली. यात माझी काही अक्कल नाही. मी डोळे मिटून तिला विहिरीत ढकललं होतं आणि विहिरीत पाणी नव्हतं, इतकंच.

तुमच्या घरी असं कार्ड असेल तर ते पाकिटात ठेवा, उघड्यावर ठेवा, पोराच्या गळ्यात बांधा हवं तर. डॉक्टर विचारायची वाट पाहू नका. आणि कॉटच्या पायथ्याशी कोण उभं आहे ते पाहू नका. एवढं एकच मला शिकवता येईल.

माळ्यावरून

गेल्या महिन्यात माया आली होती. मी तिला सगळं सांगितलं. साक्षगंधानंतरचं, कॉट नंबर नऊचं, मांडवात गेमवर ढकललेलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले विचारलं असतं बाबा, तं मीच म्हटलं असतं, सांगा म्हणून. तुमी मले विचारलंच नाई. प्रज्ञाले काऊन विचारलं? तिच्या जिवाचं तिलेच विचारते का कोणी?"

तिच्या सासूला सांगायचं की नाही, ते मी मायावर सोडलं नाही. मी स्वतः जाऊन सांगून आलो. त्यांनी मला चहा दिला नाही. ते मला योग्य वाटलं.

त्यानंतर मी आणि कौसल्यानं ते पोतं माळ्यावरून खाली काढलं. थर्माकोलखाली कार्ड होतं, कडा पिवळ्या पडलेल्या. कौसल्यानं ते पुसलं आणि प्रज्ञाच्या फोटोशेजारी उभं केलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. मग म्हणाली, "लावा तो डबा. चालते का पाहू."

जुन्या टीव्हीवर तो चालला. सेव्ह केलेला खेळ तसाच होता. तिची बाई दोन तलवारी घेऊन उभी, माझा बुटका तिच्या मागं. पण ते ठिकाण शेवटच्या दिवसाचं नव्हतं, विहीणबाई यायच्या आदल्या दिवसाचं होतं. आम्ही त्या दुपारी आणखी तीन खोल्या जिंकल्या होत्या, त्या कुठंच नव्हत्या. मी बुटक्याला एकट्यालाच दरवाज्यापाशी नेऊन उभं केलं. दरवाजा उघडला नाही. कौसल्यानं दुसरा रिमोट उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि परत ठेवून दिला.

एक गोष्ट मी मायालाही सांगितली नव्हती. नागपूरला, नर्सनं मास्क परत लावल्यानंतर, प्रज्ञानं तो पुन्हा एकदा बाजूला केला. मी अर्धं सोडलेलं वाक्य तिनं ऐकलं होतं, असं मला वाटतं. ती माझ्याकडं बघत होती आणि मला बोलायला जागा करून देत होती. मी बोलत नाही हे पाहून तिनंच विचारलं, "बाबा, लाईट जायच्या आधी सेव्ह केलं होतं ना?"

मला म्हणायचं होतं, नाही केलं बेटा. आणि डॉक्टरांशीही खोटं बोललो. तू मरत होतीस आणि मी मागं राहून भलतंच गोळा करत बसलो. मला माफ कर.

मी म्हणालो, "केलं."